चालीवर म्हटलेले सोळा आकडे

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. माझ्या रिसीव्हरला जी चीर दिसते, ती वयाची नाही. ती एका भल्या माणसाच्या कपाळावर आपटल्याची आहे. आपटणारा त्याचा सख्खा भाऊ होता, आणि खरं काय ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

घडवणाऱ्यानं मला कान दिला, तोंड दिलं, पण जीभ द्यायची राहिली. एकाचं बोलणं दुसऱ्याकडे नेऊन पोचवायचं, एवढंच माझं काम. देवाची इच्छा म्हणायची आणि गप्प राहायचं.

कारखान्यातून मी आलो तो कुलपं-किल्ल्यांच्या एका दुकानात. दुकान दोघा भावांचं. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकटा अंगानं बारीक आणि बोलायला खरखरीत, म्हणून त्याचं नावच कानस पडलं होतं. भिंतीपलीकडच्या खोल्यांत दादाची बायको, म्हणजे कानसची वहिनी, घर सांभाळायची. मला कुणी फुकट वापरू नये म्हणून दादानं माझ्या बटणांवर पितळी झाकण बसवलं होतं आणि त्याला इवलंसं कुलूप. त्याचं त्याला भारी कौतुक. कानस गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाहेर जाणारं बोलणं बंद केलंय आमच्या दादानं. आत येणाऱ्याला दार सताड उघडं."

थट्टेत बोलला बिचारा.

दादाची एक सवय होती. कुलपांवर बारीक आकडे कोरलेले असतात. हरवलेल्या किल्लीचा जोड मागवायचा तर ते व्यापाऱ्याला फोनवर वाचून दाखवावे लागत. चूक होऊ नये म्हणून दादा त्यांना चाल लावायचा. चार आकड्यांचं एक कडवं, शेवटचा आकडा लांबवलेला. दिवसातून दहा वेळा ते माझ्यातून जायचं, आणि मला ते प्रार्थनेइतकं गोड वाटायचं.

एका दुपारी अनोळखी आवाज आला. बँकेतून बोलतोय म्हणाला. "तुमच्या क्रेडिट कार्डावर कुणीतरी डल्ला मारतंय. आत्ता पक्कं करून घ्या." दादा घुटमळला, तसा आवाज चढला. "पाच मिनिटांत पोलीस दुकानात येतील. बेड्या हव्यात? वाचा आकडे."

दादाच्या तळहाताला सुटलेला घाम मला जाणवला. कार्ड लोखंडी पेटीत असे, आणि पेटीच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, एक कानसकडे. दादानं पेटी उघडली आणि सवयीनं सोळा आकडे चालीवर म्हटले. मग कार्डाच्या पाठीमागचे तीन. मग मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांकसुद्धा.

"झालं, पक्कं झालं. घरात कुणाला बोलू नका. चोर बहुधा घरातलाच असतो," असं सांगून आवाज गेला.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं. पण घंटा माझी असली तरी वाजवणारा दुसराच असतो.

दोन दिवसांनी बँकेचा हिशोब आला. कुणीतरी ते कार्ड शेवटच्या पैशापर्यंत ओरबाडलं होतं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. कार्ड तर पक्कं केलेलं. पेटीचं कुलूप शाबूत. मग दुसरी किल्ली कुणाकडे?

"कुठे उडवलेस?" त्यानं कानसला विचारलं.

"काय उडवलं?"

"पेटीतलं कार्ड तूच काढलंस."

"दादा, माझ्याकडे किल्ली आहे, म्हणजे मी चोर?"

पहिली थप्पड बसली. कानसनं त्याला ढकललं. दादानं त्याची मानगूट धरून त्याला किल्ल्यांच्या फळीवर आदळलं आणि शेकडो किल्ल्या दोघांच्या अंगावर कोसळल्या. "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?" दादा गुरगुरला आणि चाचपडत त्याचा हात माझ्यावर पडला. त्यानं मला उचललं. एकदा. दोनदा. दुसऱ्यांदा माझ्यात काहीतरी तडकलं, आणि कानसच्या भुवईतही. त्याचं ऊन रक्त माझ्या बोलायच्या भोकांतून आत शिरलं.

वहिनी धावत आली. तिनं नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. "जीव घेता का त्याचा? सोडा म्हणते ना."

तिला डॉक्टरांना बोलवायचं होतं. मोबाइल किल्ल्यांच्या ढिगाखाली गेलेला, आणि माझ्या बटणांवर कुलूप. जमिनीवर बसलेल्या कानसनं कमरेचा जुडगा काढून पुढे केला. "यातली बारकी. घे वहिनी. दादा हीपण चोरीचीच म्हणेल."

तिनं डॉक्टरांना बोलावलं, मला जागेवर ठेवलं, आणि मी वाजलो. हावरटाचा हात थांबत नाही, मित्रांनो. तोच आवाज होता.

"साहेबांनी परवा कार्डाचे आकडे दिले होते. गेलेले पैसे परत हवे असतील तर आता दुसरं कार्ड द्या."

"त्यांनी दिले? कशावरून?"

आवाज हसला, आणि त्यानं आकडे म्हणून दाखवले. चालीवर. चार-चारचं कडवं, शेवटचा आकडा लांबवलेला.

ती चाल वहिनी वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होती. तिनं मला नवऱ्याच्या कानाला लावलं.

"ऐकताय ना? नाही दिलं तर तुमच्या दुकानाला कुलूप लागेल," आवाज इतका गरजला की कानसलाही ऐकू गेलं.

"कुठल्या कंपनीचं लावतोय विचार," डोळ्यावरचं रक्त पुसत तो म्हणाला.

दादा त्या पसरलेल्या किल्ल्यांत मटकन खाली बसला.

वहिनीनं मला खाली ठेवलं. कार्डाच्या पाठीवर बँकेचा नंबर छापलेला होता. तो तिनं स्वतः फिरवला, कार्ड बंद करवलं आणि मग पोलिसांना कळवलं. दोन दिवस ज्याची गरज होती, ते काम चहा निवायच्या आत झालं.

कानसच्या भुवईला सात टाके पडले. त्या डोळ्यानं त्याला अजून अंधूक दिसतं. किल्लीचे बारीक दात आता दादाच कापतो आणि कापून झाले की न बोलता भावाच्या बोटांखाली धरतो. कानस चाचपून म्हणतो, "तिसरा दात खोल गेलाय." दादा पुन्हा कापतो. माफीचा शब्द मी अजून ऐकलेला नाही. पितळी झाकण मात्र त्याच दिवशी काढलं गेलं. त्यात आता खिळे असतात.

आज कुणी फोन करून आकडे विचारले तर दादा म्हणतो, "ठेवतो. मीच करतो तुम्हाला." आणि स्वतः वहीत लिहून ठेवलेला नंबर शोधून फिरवतो.

मित्रांनो, माझ्यातून आलेला आवाज कुणाचा, हे मला सांगता येत नाही. तो घाई करील, धमकावील, घरच्यांपासून लपवायला सांगेल. तेव्हा मला खाली ठेवा. मध्येच ठेवलं म्हणून मला राग येत नाही. आणि काही गेलंच, तर आधी घरच्यांना सांगा, मग हात उचला. सांगून झालं की हात उचलावासा वाटणारच नाही. माझी चीर आणि कानसच्या भुवईवरचा व्रण अगदी एका मापाचे आहेत. रोज सकाळी तो मला पुसतो, तेव्हा फडकं तिथे जरा थांबतं.