मशीन चालू करून दाखवा

माझ्या बायकोला, हेमाला, जाऊन दोन महिने झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि येरवड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी मैत्री एवढेच उरलो. आईच्या आजारपणात मैत्रीने नोकरी सोडली होती. आता तिला एका कंपनीचे घरून करायचे काम मिळत होते. अट एकच, कॉम्प्युटर आपला हवा. कंपनीने तपासणीचा एक प्रोग्रॅम पाठवला. आमच्या कॉम्प्युटरवर तो चालवला तर लाल अक्षरांत नकार आला. सोमवारी शेवटची तपासणी होती. तेव्हाही नकार आला तर काम दुसऱ्याला जाणार होते.

मी कॉम्प्युटरचा कॅबिनेट पिशवीत घालून नारायण पेठेत सौमित्रच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने झाकण काढले, आत पाहिले आणि झाकण परत लावले.

"काका, चुकीच्या दुकानात आलात. म्युझियम पुढच्या चौकात."

"रॅम वाढवून भागेल का?"

"बैलगाडीला रेडियल टायर लावता येतात. पण ओढणार बैलच."

कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड चालेल म्हणाला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलायची आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकायची. बंद पडलेल्या एका ऑफिसातले जुने भाग त्याच्याकडे होते, ते स्वस्तात देत होता. तरी त्याने सांगितलेल्या रकमेच्या निम्मेही माझ्याजवळ नव्हते. औषधांत सगळे गेले होते.

"शनिवारी पैसे आणा, रविवारी घेऊन जा," तो म्हणाला. "उधारीचं मात्र विचारू नका, नाही म्हणताना मलाच वाईट वाटतं."

घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती. हेमाचे ऑक्सिजनचे मशीन. मैत्रीने त्यावर चादर टाकून ठेवली होती. मी मोबाईलवर जाहिरात टाकली. मैत्रीला सांगितले नाही.

शनिवारी सकाळी कसबा पेठेतून संजय नावाचा रिक्षावाला आला. त्याला आईसाठी मशीन हवे होते. मैत्री आत कपडे धूत होती.

"चालू करून दाखवा," तो म्हणाला. "फोटोत सगळीच चालतात."

मी बटण दाबले. आधी शिट्टी वाजली, मग तो आवाज सुरू झाला. घरघर, थांबून फुस्स, परत घरघर. वर्षभर तो आमच्या झोपेतही चालू असायचा. संजयने पेलाभर पाणी मागितले, नळीचे टोक त्यात बुडवले आणि बुडबुडे पाहू लागला.

मैत्री साबणाच्या हातांनी धावत बाहेर आली. समोर कोण आहे हे पाहण्याआधीच तिने वाकून मशीनचे बटण दोनवर फिरवले. आईला दोनच लागायचे. मग तिचे लक्ष पाण्याच्या पेल्याकडे गेले आणि तिने हात काढून घेतला.

"विकताय?"

"सोमवार आहे ना तुझा," मी म्हणालो.

तिने साबणाचे हात पुसले. संजयला म्हणाली, "डॉक्टरांनी मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन लिहिलाय?"

"आठ."

"हे पाचच देतं."

मी तिच्याकडे रोखून पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"ठाऊक आहे, ताई," संजय म्हणाला. "दहावाल्याची किंमत विचारून आलोय. ऐकूनच मला धाप लागली."

"मग हॉस्पिटलमध्येच ठेवा ना त्यांना."

"त्यांनीच सांगितलं, घरी न्या. आता पाच तर पाच."

"बाबा, पैसे घेऊ नका. त्यांना नाही पुरणार ते."

"ओ ताई," संजयचा आवाज चढला, "तुम्ही नाही दिलं तर आईला काय लावू? टेबलफॅन?"

त्याने पैसे पुढे केले. मी घेतले आणि न मोजता खिशात घातले.

त्याच्या घरी कोणालाच नळी लावता येत नव्हती, म्हणून मैत्री त्याच्याच रिक्षातून गेली. दुपारी परतली.

"कशी आहे त्याची आई?"

"ओठ निळे आहेत," ती म्हणाली आणि राहिलेले कपडे पिळायला बसली.

रविवारी मी कॅबिनेट घरी आणून जोडला. बटणावरून बोट काढतोय तोवर पडदा उजळला. पूर्वी तेवढ्या वेळात चहा व्हायचा. सोमवारी तपासणी पास झाली आणि मैत्रीचे काम सुरू झाले. कानाला हेडफोन, समोर कॅमेरा. कंपनीने ठरवलेल्या वेळीच जागेवरून उठायचे, एरवी उठली की तिकडे नोंद होते.

पुढच्या आठवड्यात दुपारी माझा फोन वाजला.

"काका, संजय बोलतोय. मशीन परत घेता का? निम्मे द्या."

"आई?"

"परवा गेली. घरात बघवत नाही हो ते."

मी कॅबिनेटकडे पाहिले. त्याचे पैसे त्यात होते.

"माझ्याकडे काही नाही, संजय."

"बरं. कोणाला लागलं तर सांगा."

मैत्रीने एक कान मोकळा केला. "कोण?"

"संजय. त्याची आई गेली."

तिची बोटे थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या कामाचे घड्याळ चालू होते. मधल्या सुट्टीला अवकाश होता. तिने हेडफोन सारखा केला, खांद्याने डोळे पुसले आणि पुन्हा टाइप करू लागली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झालो. तिने मान न वळवता हातानेच खूण केली, बाजूला व्हा. मी कॅमेऱ्यात येत होतो.