हरलेल्यांचं मानधन

हरलेल्याला सरकार पैसे देतं हे ऐकून भाऊजी पोट धरून हसले होते. "म्हणजे मार खाल्ल्याबद्दल बक्षीस!"

रस्त्याच्या ठेक्याची ही नवी पद्धत होती. पूर्वी बांधकाम खातं स्वतः नकाशा काढायचं आणि सगळ्यात कमी भाव बोलेल त्याच्या गळ्यात काम मारायचं. आता नकाशाही ठेकेदाराने काढायचा आणि रस्ताही त्यानेच बांधायचा. नकाशे काढायला महिनोन्महिने राबायला लागतं, म्हणून जे हरतील त्यांना मानधन. त्यात एक मेख होती. मानधन घेतलं की तुमच्या नकाशातल्या सगळ्या कल्पना खात्याच्या झाल्या. खातं त्या कुणालाही देऊ शकतं, अगदी ज्याने तुम्हाला हरवलं त्यालासुद्धा. याला चोरी म्हणत नाहीत, नियम म्हणतात.

भाऊजी ठेकेदार होते. वहिनी डिझाइन इंजिनिअर. बँकेच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस, दोन ड्राफ्ट्समन, आणि धड न चालणारा पंखा. दीर-भावजयीने मिळून डोंगरातल्या रस्त्याच्या रुंदीकरणाला निविदा भरली आणि एका मोठ्या कंपनीपुढे ते आपटले. आता मानधनाच्या करारावर दोन भागीदारांच्या दोन सह्या हव्या होत्या. भाऊजींची झाली होती.

"वहिनी, हे बघा, पेनसुद्धा आणलंय," भाऊजींनी कागद टेबलावर आपटला. "माझी माणसं पगाराला बसलीत. तुमची सही झाली की गंगेत घोडं न्हालं."

"आधी खात्यातल्या साहेबांना भेटते."

"कशाला? हरलो आपण. हरलेल्याने गुपचूप घरी जायचं असतं."

"माझ्या नकाशाचं काय करणार आहेत ते बघते. मग सही."

भाऊजींनी पेन परत खिशाला लावलं. पेन ठेवून जाण्याइतकाही विश्वास राहिला नव्हता.

त्या नकाशात काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्याचंच. रस्त्याच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला, खाली उतारावर, वस्ती. खात्याची मूळ कल्पना अशी होती की वस्ती उठवायची, तिथे भराव टाकायचा आणि रस्ता खालच्या अंगाने रुंद करायचा. वहिनींनी उलट केलं. वस्तीला हात लावायचा नाही. वरचा डोंगर उभा कापायचा आणि पोलादी गजांनी शिवल्यासारखा जागेवर धरून ठेवायचा. मात्र हा डोंगर ओला होता. त्याच्या पोटात पाणी होतं. ते पाणी बाहेर काढायला कापलेल्या भिंतीत खोल आडवी भोकं पाडून नळ्या बसवायच्या होत्या. गज आणि नळ्या, दोन्ही मिळून एक गोष्ट. नळ्या नसतील तर पाणी गजांसकट डोंगर ढकलणार, तो रस्ता ओलांडून थेट वस्तीवर.

पाणी कुठे कुठे पाझरतं ते वहिनींना वस्तीतल्या एका शिंपिणीने दाखवलं होतं. "ताई, इथे हात लावा. भर उन्हाळ्यात भिंत ओली. शिवलेले कपडे बाहेर ठेवायची सोय नाही." वहिनी तिच्या दारात बसून मोजमापं घ्यायच्या आणि शिंपीण मशीन मारता मारता विचारायची, "घर राहतंय ना आमचं?" आणि वहिनी म्हणायच्या, "राहतंय."

साहेबांच्या खोलीत शिरताच समोरच्या भिंतीवर मोठ्या कंपनीचा नकाशा दिसला. वहिनी खुर्चीत न बसता त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. उभा काप तोच होता. गज तेच, गजांमधलं अंतरसुद्धा तेच.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या. "मी अजून सही केलेली नाही."

"करालच की," साहेब हसले. "वेळ वाचावा म्हणून त्यांना आधी दाखवून ठेवलं. वस्ती वाचते, भूसंपादन वाचतं. तुमची कल्पना एक नंबर आहे, बाई. कौतुक करतोय मी!"

"नळ्या कुठायत?"

"कसल्या नळ्या?"

"पाणी काढायच्या. गज घेतले, नळ्या गाळल्या. का?"

"त्यांच्या इंजिनिअरला गरज वाटली नसेल. वेळखाऊ काम आहे म्हणे."

"साहेब, नळ्यांशिवाय हा डोंगर उभा राहणार नाही. खाली माणसं झोपतात."

साहेबांनी चष्मा काढला. पुसायला नव्हे, वैताग दाखवायला. "हे बघा. या पद्धतीत डिझाइनची जबाबदारी कंपनीची. उद्या मी म्हटलं 'नळ्या घाला', की ते माझं डिझाइन झालं. काही बिघडलं तर कंपनी म्हणणार, साहेबांनी सांगितलं होतं. मी सांगायचं नाही, हाच तर नियम आहे!"

"म्हणजे चूक दिसली तरी बोलायचं नाही?"

"दिसलीच कुठे? मी बघितलीच नाही."

"मला मानधन नको," वहिनी म्हणाल्या. "फुकट सही करते. करारात एक ओळ घाला. घेतलं तर गज आणि नळ्या दोन्ही घ्यायचे, नाहीतर काहीच घ्यायचं नाही."

"अशी ओळ घालता येत नाही. कल्पना आमच्या झाल्या की त्यातलं काय घ्यायचं ते कंपनी ठरवते. बाजारात अर्धा किलो मिळतंच ना?"

"आणि मी सही नाहीच केली तर?"

साहेब पहिल्यांदाच वहिनींकडे नीट बघत म्हणाले, "तर हा नकाशा त्यांना वापरता येणार नाही. मूळ आराखड्यावर जावं लागेल. वस्ती जाईल. बघा, पुण्य कुणाच्या खात्यात जातंय ते."

चोर तो चोर, वर शिरजोर. वहिनी कागद उचलून बाहेर पडल्या.

घरी भाऊजी आधीच येऊन बसले होते. साहेबांचा फोन गेला होता. वहिनींचे यजमान दोघांच्या मधे, पंचाईत झालेल्या माणसाचं तोंड करून.

"वहिनी, नाकाने कांदे सोलणं बंद करा," भाऊजी म्हणाले. "डोंगर पडला तर कंपनी फासावर जाईल. तुमचं नाव कुठेय त्यात?"

"म्हणून पडला तरी चालेल?"

"चालेल! साऱ्या जगाला चालतं! माझं खात्यातलं नाव खराब झालं तर पुढची दहा वर्षं मला गटाराचं झाकणसुद्धा मिळणार नाही. दादा, तू बोल की काहीतरी."

यजमान म्हणाले, "अगं, सही केलीस तर निदान घरं तरी राहतील ना लोकांची."

"राहतील. पहिला मोठा पाऊस होईपर्यंत."

"खात्रीने सांगतेस?"

"या वर्षी की पुढच्या, ते नाही सांगू शकत. येणार हे नक्की."

"हे तर ज्योतिष्यालाही सांगता येतं," भाऊजी उठले. "आजपासून तुमचा-माझा धंद्याचा संबंध संपला. आणि ऐका, वस्तीत मी स्वतः जाऊन सांगणार. घरं कुणी घालवली ते कळू दे त्यांना."

"सांगा. नळ्यांचंही सांगा."

"ते तुमचं तुम्ही सांगा. मला नाही कळत."

वहिनींनी सही केली नाही. त्यांनी वरच्या साहेबांना लिहिलं, त्यांच्याही वरच्या साहेबांना लिहिलं. उत्तर सगळीकडून एकच आलं: डिझाइनची जबाबदारी ठेकेदाराची आहे. कंपनीने खांदे उडवले, मूळ आराखडा काढला आणि भरावाच्या कामाचा भाव वाढवून घेतला. कंपनीचं काय गेलं? साहेबांचं काय गेलं? आणि वस्तीला नोटिसा लागल्या.

वहिनी वस्तीत गेल्या तेव्हा बुलडोझर रस्त्याच्या कडेला उभा होता आणि चालक बिडी ओढत घरं रिकामी व्हायची वाट बघत होता. भाऊजींनी शब्द पाळला होता. बाया वहिनींना बघून वाटेतून बाजूला झाल्या, जागा द्यायला नव्हे, अंग लागू नये म्हणून. कुणीतरी मागून म्हणालं, "आली बघ सही न करणारी."

शिंपीण दारात होती. मशीन उंबऱ्यात अडकलं होतं.

"तू म्हणाली होतीस घर राहतंय," ती म्हणाली. 'ताई' गेलं होतं, 'तुम्ही'ही गेलं होतं.

"डोंगर खाली आला असता. त्यांनी नळ्या गाळल्या होत्या. पाणी तुम्हीच दाखवलंत मला..."

"पाणी मी दाखवलं. मग मला का नाही विचारलंस? घर माझं, डोंगर माझ्या डोक्यावर. मी म्हटलं असतं, कर सही, बघू पडतो का. पावसात लेकरं घेऊन बहिणीकडे गेले असते. काहीतरी केलं असतं. विचारायला तोंड नव्हतं तुला?"

वहिनींना साहेबांना सांगितलेली, घरात सांगितलेली सगळी उत्तरं पाठ होती. त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं. खरंच विचारलं नव्हतं. सगळ्या साहेबांना लिहिलं, पण उतार उतरून इथे यायचं सुचलं नव्हतं.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. पण तुम्ही कर म्हणाला असतात तरी मी सही केली नसती."

"मग त्या साहेबात आणि तुझ्यात फरक काय?"

वहिनी खाली वाकल्या आणि मशीनची दुसरी बाजू धरली.

"हात काढ," शिंपीण म्हणाली.

त्यांनी हात काढला. शिंपिणीने एकटीने जोर लावला. मशीन हललं नाही. तिने पुन्हा लावला. मागे बुलडोझर सुरू झाला, चालकाने बिडी फेकली आणि ओरडला, "ओ बाई, आटपा लवकर!" शिंपिणीने दात खाऊन तिसऱ्यांदा ओढलं, तसं मशीन उंबऱ्याचा तुकडा घेऊन बाहेर आलं. वहिनींकडे न बघता ती ते फरफटत रस्त्याच्या चढाला लागली.