रेजीचा नंबर

"परत आला," शैनी म्हणाली.

ऑफिसातली सगळ्यांची थोरली ताई, लिस्सी चेची, हातातलं पिकल्या केळ्याचं भजं तसंच धरून तिच्या खुर्चीमागे आली. पडद्यावर रुग्णालयाची यादी होती. तीत एकच नाव: रेजी कुरियन. तक्रार, छातीत धडधड. वाट पाहत आहे.

"त्याच्या एक्केचाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली नाही ना अजून, मोळे, पोरी. येणारच तो," चेची हसून म्हणाली आणि लगेच छातीवर क्रूस काढला.

शेजारची रिकामी खुर्ची रेजीची. तो जाऊन महिना झाला होता. रुग्णालयात नंबर लावण्याचं हे संकेतस्थळ त्याने उभारलं, आणि ते धड चालायचं फक्त त्याच्याच मशीनवर. भाड्याचं ते मशीन सकाळीच पुसून परत गेलं. त्याआधी तो सगळा संसार एका कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यात बसवायचा, की कुठल्याही मशीनवर तो तसाच चालेल, हे काम शैनीवर आलं होतं. चाचणीसाठी तिने रेजीच्या मशीनवरची माहिती उतरवून घेतली. मग तो कंटेनर मोडून कोरा उभारला. रेजी होताच. पुन्हा मोडला. तरी होता, आणि सगळं बंद असतानाही त्याची वाट पाहण्याची मिनिटं वाढतच गेली होती.

चाचणीतला रुग्ण नेहमी तोच व्हायचा. "दुसऱ्या कुणाला कशाला आजारी पाडायचं?" म्हणायचा.

टीमचे प्रमुख प्रसन्नन सर आले. "काय गं, भूतबाधा झाली म्हणे? बाहेरचा साठा पुसलास का?"

शैनीने कपाळावर हात मारला. माहितीचा साठा कंटेनरच्या बाहेर राहतो. कंटेनर मोडला तरी तो जात नाही. इतकी साधी गोष्ट. मिनिटंही नोंदीच्या वेळेपासूनच मोजली जात होती.

"चार वाजता कामावर नवी पोरं येतायत. त्यांना कोरं पाहिजे. पूस, नाहीतर मी पुसतो."

"मी करते, सर."

तिने साठा पुसण्याची आज्ञा लिहिली आणि बोट अडलं. रेजीचं एवढंच उरलं होतं. इतका वेळ ताटकळलेल्या माणसाला दवाखान्यातून असं हाकलत नाहीत.

तिने स्पीकरचा आवाज वाढवला आणि यादीतलं 'पुढचा' दाबलं.

"रेजी कुरियन," यंत्रातल्या बाईने स्वच्छ मल्याळममध्ये पुकारलं, "खोली क्रमांक तीन."

सगळ्या टेबलांवरची बोटं थांबली. प्रसन्नन सर खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभे होते. ते बाजूला सरले, पोट आत घेऊन कपाटाला टेकले.

शैनीने थोडा वेळ जाऊ दिला. मग साठा पुसला.

सर अजून तसेच वाट सोडून उभे होते.