परवानगी असलेले गाणे

नेसरीच्या अभिरामने स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले आणि स्वतः गायलेले एक गाणे, त्याच्या पूर्ण संमतीने, एका रविवारी संध्याकाळी इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणात लावले गेले. पहिला अंतरा संपायच्या आत 'हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचे आहे' या कारणावरून ते प्रक्षेपण बंद करण्यात आले.

मित्रांनो, ते गाणे माझ्यातूनच वाजत होते. मी एक जुना लॅपटॉप आहे. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अवंतिका मॅडमचा भौतिकशास्त्राचा क्लास चालतो. तिथल्या टेबलावर माझा मुक्काम असे. माझे भाग निरनिराळ्या देशांत तयार झाले आणि कुठेतरी जोडले गेले. त्या जोडणीची मला आठवण नाही, त्यामुळे तिच्याविषयी हृद्य असे काही सांगता येणार नाही. मला आठवतात ती भिंतीवर पडणारी आलेखांची चित्रे, ती मान खाली घालून उतरवून घेणारी बारावीची मुले, आणि मॅडमचे एक वाक्य: "हा आहे म्हणून माझा निम्मा घसा वाचतो." एवढी स्तुती मला पुष्कळ होती. पुढे नवा लॅपटॉप आला. माझी बिजागरी ढिली झाली, बॅटरी दम धरेना, आणि मी कपाटात चाचणी परीक्षांच्या गठ्ठ्यांखाली गेलो. यंत्राला अंधाराचे दुःख होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; पण तिथे काही काम नव्हते, हे मात्र खरे.

मला बाहेर काढले ते राजवीरने. हा मॅडमचा धाकटा भाऊ. तो संगणकावर खेळ खेळतो आणि त्याला खेळताना पाहायला इंटरनेटवर बरेच लोक जमतात. यात पाहण्यासारखे काय असते, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. परंतु लोक जमतात.

त्या वेळी गडमुडशिंगीतील दिव्यांग मुलांच्या एका लहान शाळेची गाडी कायमची बंद पडली होती. चालू न शकणारी मुले घरीच बसली. त्यांतली एक स्नेहल, वय वर्षे नऊ. तिची आई शालूबाई या क्लासची झाडलोट करायला येत असत.

"पोरगी रोज सकाळी दप्तर भरून उंबऱ्यात बसती," त्या एकदा मॅडमना म्हणाल्या. "गाडी न्हाय यायची बाळा म्हटलं, तर म्हंती, तुला काय म्हाईत. आता उचलून तरी किती लांब न्यायची? माझी कंबर काय लोखंडाची न्हाय."

राजवीरने हे ऐकले. एक जुनी पण धडधाकट गाडी विकाऊ होती आणि तिचा मालक सोमवारपर्यंत थांबायला तयार होता. राजवीरने ठरवले की रविवारी दिवसभर थेट खेळायचे, पाहणाऱ्यांना मदतीचे आवाहन करायचे आणि सोमवारी गाडी शाळेच्या दारात उभी करायची. खेळ नव्या लॅपटॉपवर चालणार होता. माझ्याकडे खेळामागचे संगीत लावण्याचे आणि प्रक्षेपणाविषयीच्या सूचना पडद्यावर दाखवण्याचे काम आले.

"चालू गाणी लाव की, ताई," राजवीर म्हणाला. "कुणाला काय कळतंय?"

"माणसांना नाही कळत. यंत्राला कळतं," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, हे यंत्र कसे चालते ते समजून घ्या. ते गाणे ऐकत नाही. आवाजाच्या चढउतारांचा एक ठसा काढते आणि आधी नोंदवलेल्या लाखो ठशांशी तो ताडून पाहते. ठसा जुळला की दार बंद. कोणी कोणाला प्रेमाने काय दिले, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

म्हणून मॅडमनी कंपन्यांची गाणी बाजूला ठेवली आणि स्वतःची गाणी स्वतः करणाऱ्यांना गाठायला सुरुवात केली. कोणी गिटार वाजवणारा होता, कोणी पोवाड्याच्या ढंगात गाणारी महाविद्यालयातली मुलगी होती. मॅडम प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारत: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा? तिन्ही उत्तरे पक्की झाल्याखेरीज गाणे माझ्यात उतरत नसे. बॅगेत बसून मीही त्यांच्याबरोबर हिंडलो. कपाटानंतर हे दिवस मला बरे वाटले.

नेसरीला आम्ही अभिरामच्या गोठ्याशेजारच्या खोलीत बसलो. तो सकाळी दूध संकलन करतो आणि उरलेल्या वेळात गाणी करतो.

"ताई, परवानगी कसली मागताय?" तो हसत म्हणाला. "ऐकायला माणूस मिळंना झालंय. वाजवा की खुशाल."

"तसं नाही. शब्द कोणाचे?"

"माझं."

"चाल?"

"माझीच की. आवाज बी माझाच. म्हशी तेवढ्या आबांच्या."

त्याने गाणे ऐकवले. मागे हलगी अशी कडाडत होती की राजवीरने टेबलावर ताल धरला. "हेच शेवटाला लावायचं," तो म्हणाला, "लोक जागचं हलणार न्हाईत."

रविवार उत्तम गेला. लोक वाढत गेले, मदत येत गेली. गडमुडशिंगीत शाळेतल्या एका खोलीत मुले मोठ्या पडद्यासमोर बसली होती. स्नेहलला शालूबाईंनी त्या दिवशी उचलून नेले होते. संध्याकाळी गाडीच्या किमतीला थोडेच पैसे कमी होते. तेव्हा राजवीरने अभिरामचे गाणे लावले.

सूचना माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात उमटली. राजवीर कानांवर हेडफोन चढवून दुसऱ्या पडद्यात गुंतला होता. मॅडम फोनवर शाळेशी बोलत होत्या. माझ्याकडे हात नाहीत. सूचना दाखवणे एवढेच मला शक्य होते आणि ते मी करत होतो. प्रक्षेपण बंद झाले तरी राजवीर खेळत राहिला. "बघताय न्हवं, मंडळी? स्नेहल, हा डाव तुझ्यासाठी," तो म्हणाला. ते कोणालाही ऐकू गेले नाही.

शेवटी शालूबाईंचाच फोन आला. "दादा, काळं झालंय सगळं. पोरं इचारत्यात, संपलं का?"

राजवीरने हेडफोन काढले आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या पडद्यावर मालक म्हणून कोणत्या तरी कंपनीचे नाव होते. तक्रार केली तर उत्तर काही दिवसांनी मिळणार होते आणि तोवर नवे प्रक्षेपण करता येणार नव्हते. लोक निघून गेले आणि उरलेले पैसे जमले नाहीत. गाडीच्या मालकाने सोमवारची दुपार होईपर्यंत वाट पाहिली. मग गाडी एका भाजी व्यापाऱ्याने नेली. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही गाडी हवी होती.

राजवीरचा अभिरामवर संशय होता. "गाणं ढापलेलं असणार."

"असणार हे उत्तर नव्हे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी अभिरामकडून गाण्याचे सुटे भाग मागवले आणि इतरांना दिसणार नाही अशा रीतीने एकेक भाग स्वतंत्रपणे चढवून पाहिला. आवाज पास झाला. हार्मोनियम पास झाली. हलगी चढवताच त्याच कंपनीचे नाव पुन्हा उमटले. त्यांनी लगेच अभिरामला फोन लावला. टेबलावरून मी सारे ऐकत होतो.

"हलगी व्हय?" अभिराम म्हणाला. "ती आमच्या ज्ञानूदाची. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यो जत्रेला गेलता, म्हणून मोबाइलवरनं त्याचीच जुनी उचलली. एका बँडवाल्या पोरानं टाकलेली हाय. परक्याची न्हाय ओ, ताई. थांबा, त्यो हितंच हाय."

ज्ञानूचा आवाज संथ होता. "त्या पोरानं गेल्या साली माझ्याकडनं वाजवून घेतलं. च्या पाजला. नाव घालतो म्हणाला."

"घातलं का?"

"घातलं की. त्याचं."

मॅडमनी फोन खाली ठेवला. शालूबाई दारात झाडू धरून उभ्या होत्या. "म्हंजे आता गाडी?" त्यांनी विचारले. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. शालूबाई पुन्हा झाडू लागल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी 'आमची काळजी घ्या' असे सांगावे, अशी रीत आहे. माझी बिजागरी अजून ढिलीच आहे, पण तिचे राहू द्या. जे तुम्हाला आवडते, ते कोणाकोणाच्या हातून झाले आहे, हे प्रत्येक हातापर्यंत जाऊन विचारा. विचारायला उशीर झाला, तर माझ्यासारखे यंत्र तुम्हाला फक्त सूचना दाखवू शकते.

प्रक्षेपण बंद होण्याचे कारण पुढीलप्रमाणे आहे. ज्ञानूने वाजवलेली हलगी बँडवाल्या मुलाने स्वतःच्या नावावर एका कंपनीकडे नोंदवली होती. तोच तुकडा अभिरामच्या गाण्यात होता. यंत्राने ठसा ताडला आणि तो जुळला. आम्ही शब्दांची, चालीची आणि गळ्याची परवानगी घेतली होती. हलगीची घेतली नव्हती, कारण हलगीवाल्यालाही विचारायचे असते, हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नाही.