जबाबाचा स्वामित्वहक्क

महेंद्र सरांनी अर्जात सरळ 'कॉपीराइट' लिहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सर यवतला हायस्कुलात मराठी शिकवायचे. पोरांनी निबंधात इंग्रजी शब्द घातला की त्याच्याभोवती लाल गोल काढायचे. असा माणूस सरकारला अर्ज लिहिताना कॉपीराइट लिहील होय? त्यांनी लिहिलं, 'स्वामित्वहक्क'. शब्द शुद्ध होता, कोशातला होता, आणि त्यानंच घात केला.

सर पुस्तक लिहीत होते, आपल्या बोरवस्तीवर. बोरवस्ती म्हणजे राहूच्या पुढं, नदीकाठची. छप्पन साली वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. सरांचे वडील म्हाळू हे गावकीच्या कामाला तोंडावर नाही म्हणणारे पहिले. एकोणसाठच्या उन्हाळ्यात ते एका मळ्यातल्या विहिरीत मेलेले सापडले. दारू पिऊन पडला, असं गाव म्हणालं, आणि त्यानंतर चाळीस वर्षं तेच म्हणत राहिलं. सरांच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकानं ते म्हणून दाखवलं होतं.

गावाच्या या म्हणण्याविरुद्ध जगात एकच कागद होता. चौकशीला आलेल्या साहेबापुढं सरांच्या आईनं, रंभाबाईनं, दिलेला जबाब. चार पानं आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. 'माझा नवरा दारू पीत नव्हता. त्यास मळ्यात बोलावून नेले. नेणाराचे नाव मी सांगते.' आणि तिनं नाव सांगितलं होतं. जबाब मागं घे म्हणून गाव तीन दिवस तिच्या दारात बसलं, तरी ती बधली नाही. चौकशी 'अपघाती मृत्यू' म्हणून गुंडाळली गेली, पण जबाब फाइलीत राहिला. सरांनी पुष्कळ खेटे घालून त्याची नक्कल मिळवली होती. पुस्तक तीनशे पानांचं असलं तरी रंभाबाईला त्यातल्या चार पानांशीच मतलब होता.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणायची, "पर गावाला येतंय की. वाचू दे त्येंला."

शिरूरला जुन्या मिशनच्या चर्चमागं ऑस्टिनचा छापखाना होता. माणूस सज्जन, पण भित्रा. पानं जुळवून तयार होती, आणि तिथं घोडं अडलं.

"सर, हा जबाब सरकारी चौकशीतला," ऑस्टिन म्हणाला. "नक्कल मिळाली म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. कॉपीराइट सरकारचा. परवानगीचं पत्र आणा, लगेच मशीनवर चढवतो. मागं एका सरकारी नकाशापायी मला नोटीस आली होती हो."

सरांना हसू आलं. नवरा आईचा, शब्द आईचे, अंगठा आईचा, आणि मालक कोण, तर सरकार! पण हसण्यावारी न्यायला सर काही कायदा धाब्यावर बसवणारे नव्हते. त्यांनी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. 'विषय : श्रीमती रंभाबाई म्हाळू यांच्या जबाबाच्या स्वामित्वहक्काबाबत.' सोबत जबाबाची प्रत जोडली आणि दौंडातल्या एका कचेरीत देऊन पोच घेतली.

चार महिने काही हाललं नाही. मग एका रविवारी सरांच्या दारात मोटारसायकल थांबली. मारुतराव आला होता. जबाबात रंभाबाईनं ज्याचं नाव घेतलं, त्याचा हा मुलगा. ती विहीर, तो मळा आता याच्याकडं होता. एके काळी ती महारवतनाची जमीन होती, हेही जबाबात आलं होतं.

"सर, जमीन पाहिजे व्हय तुम्हाला?" त्यानं नोटीस पुढं धरली. "सरळ बोलायचं की. कोर्टकचेरी कशाला?"

नोटिशीत लिहिलं होतं की सदर जमिनीच्या स्वामित्वहक्काबाबत रंभाबाई यांचा मागणी अर्ज आला असून हरकत असल्यास कळवावी. आणि खाली, नियमाप्रमाणं, जबाबाची प्रत जोडलेली. पुस्तकातून गावापुढं जायची ती चार पानं सरकारनं आधी नेमकी याच माणसाला घरपोच केली होती.

"माझ्या बापाचं नाव बी वाचलं त्यात," मारुतराव शांतपणे म्हणाला. "मी हरकत घेतलीय."

सरांच्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी दौंड गाठलं. अर्ज जमिनीच्या टेबलावर जाऊन पडला होता. तिथले मच्छिंद्र भाऊसाहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, फाइल उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अवो सर, कॉपीराइट म्हणायचं ना मग! कॉपीराइट आम्हाला कळतं. स्वामित्वहक्क म्हंजी जमीनच की. इथं दुसरं काय येतंय?"

"मग आता?"

"आता हरकत आलीय, म्हंजी सुनावण्या लागणार. पाच-सात वर्षं कुठं गेली न्हाईत. त्यापरीस एक करा. हक्क न्हाई म्हणून लिहून द्या, मातोश्रींचा अंगठा घ्या. जमिनीच्या टेबलावरनं फाइल सुटली की लगेच परवानगीच्या टेबलावर सरकवतो. विषय मात्र अर्जातलाच ठेवा, न्हाईतर फाइल जुळत न्हाई."

सरांनी घरी येऊन कागद लिहिला. विषय अर्जातलाच. खाली एकच वाक्य : 'वरील विषयाबाबत आमचा कोणताही हक्क नाही व यापुढे आम्ही तो सांगणार नाही.' शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

"कशाला अंगठा?" रंभाबाईनं विचारलं.

"जमीन नको म्हणून. त्याशिवाय पुस्तकाची परवानगी सुटत नाही."

"जमीन मागितलीय कुनी?" तिनं हात पुढं केला, आणि मध्येच थांबवला. "माझ्या जबाबाला काई हुनार न्हाई न्हवं?"

"काही होत नाही, आई. दे."

तिनं दिला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. एवढ्या लवकर कचेरीतून उत्तर येतं हेच सरांना खटकायला हवं होतं. 'जबाब देणार रंभाबाई यांनी सदर जबाबाबाबत आपला कोणताही हक्क नाही व यापुढे सांगणार नाही, असे अंगठ्यानिशी लिहून दिले असल्याने, सदर जबाब छापण्यास परवानगी देता येत नाही. प्रकरण निकाली.' आणि खाली : 'प्रत हरकतदार यांस माहितीसाठी.'

हरकतदारानं माहिती स्वतःजवळ ठेवली नाही. राहूच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यानं पन्नास प्रती काढल्या. दूध घालायच्या वेळी डेअरीच्या भिंतीवर एक चिकटली. म्हातारीनं चाळीस वर्षांनी जबाब मागं घेतला म्हणं. म्हंजी म्हाळू पिऊनच पडला होता की.

सर शिरूरला गेले. ऑस्टिननं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला.

"माझंच चुकलं, सर. न विचारता छापलं असतं, तर कुणी विचारलंही नसतं. पण आता नकार लेखी आलाय. मी नाही छापू शकत." त्यानं ती चार पानं जुळणीतून काढली आणि सरांच्या हातात दिली.

घरी रंभाबाई उंबऱ्यात बसली होती. डेअरीवरची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"वाच," ती म्हणाली.

सरांनी सरकारचं पत्र वाचलं. मग तिनं त्यांनी लिहिलेला कागद वाचायला लावला. त्याची प्रत त्यांच्याकडं होती. सर वर्गात धडा वाचावा तसे वाचायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. त्या सरळ, नेटक्या वाक्यात जमीन हा शब्दच नव्हता. हे त्यांना, मराठीच्या मास्तराला, आता दिसत होतं.

रंभाबाई रडली नाही. तिनं डावा हात उलटा करून अंगठ्याकडं पाहिलं.

"तवा तीन दिस समदं गाव दारात व्हतं. कागद आन् शाई घिऊनच आलं व्हतं. धाक दावला, पाया पडलं. तू मांडीवर व्हतास. म्या मूठ उघडली न्हाई." तिनं अंगठा मुठीत मिटला. "त्येंला जमलं न्हाई ते तू केलंस, लेकरा."