रोज एक प्रकरण

"माळ्यानं नाय मारलं," उशीला टेकून सारजाअक्का म्हणाली. "त्याचे हात चिखलाचे. चादरीला डाग पडला असता. चादर बदलणारीला इचारा म्हणावं आधी."

"ती तर भोळी दाखवलीय," मी म्हणाले.

"हाटेलात चादरी बदलणारी भोळी राहत नसती, धाकटे."

सारजाअक्का माझी थोरली जाऊ. फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांच्या एका लॉजवर तिने उभा जन्म भाकऱ्या थापल्या. लिहितावाचता येत नाही. पोटातल्या गाठीपायी तिने अंथरूण धरल्यावर तिला दवाखान्यासाठी आमच्याकडे, संभाजीनगरला सिडकोत आणले. दिवस जाता जाईना, म्हणून माझ्या लेकीने, सायलीने, रहस्यकथांची ही मालिका आणून दिली. डोंगरातले एक हॉटेल, खोलीखोलीला एकेका पुस्तकाचे नाव, भिंतभर कपाटे, जिन्यातही पुस्तकांच्या चळती. दर भागात कुणीतरी पाहुणा मरतो आणि चष्मेवाली मालकीण लोकांना चहा पाजता पाजता खुनी शोधून काढते. रक्त फारसे नाही, खाणेपिणे भरपूर. "एवढ्या पुस्तकांवरची धूळ कोण झटकतं?" हा अक्काचा पहिला प्रश्न होता. दुसऱ्या भागापासून ती त्याला 'आपलं हाटेल' म्हणू लागली.

मी नेमाची बाई. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, जप, एक वेळचे जेवण. त्याच शिस्तीत हे वाचन बसवले होते. दुपारचा जप झाला की अक्काजवळ एक प्रकरण. एकच. पुढचे पान चोरून बघायचे नाही, मीसुद्धा नाही. मग दुसऱ्या दुपारपर्यंत अक्का पडल्या पडल्या एकेका पाहुण्याची उलटतपासणी घ्यायची. दुखणे होतेच, पण उद्याचा दिवस तिला हवा असायचा.

डॉक्टरांनी खरे काय ते भाऊजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, आणि तिच्या मुलाला, विश्वजीतला, बाहेर बोलावून सांगितले होते. तिला मात्र या दोघांनी सांगितले की गाठ गोळ्यांनी विरघळेल. मला गप्प राहायला सांगितले. पुरुषांनी ठरवले होते. मी गप्प राहिले.

त्या दुपारी पाचव्या भागाचा शेवट जवळ आला होता. प्रकरण अर्धे झाले असताना काकासाहेब भाऊजी आत आले. मागे विश्वजीत. भाऊजींच्या हातात तांबड्या फडक्यातले पोथीचे बोचके बघून मी पुस्तक मिटले.

आमच्या घराण्यात ती पोथी एरवी फडक्यातून निघत नाही. माणूस जायला टेकले की निघते. उशाशी बसून वाचतात, म्हणजे जीव सुखाने सुटतो. सासूबाईंच्या वेळी उशाशी दिवा अक्कानेच धरला होता.

भाऊजींनी बोचके तिच्या डोळ्यांदेखत पाटावर ठेवले. भाजीची पिशवी ठेवावी तसे.

"खुनाची पुस्तकं काय वाचायली तिच्यापुढं?" ते मला म्हणाले. "तू देवाधर्माची बाई. हे वाच आजपासून."

अक्का बोचक्याकडे बघत राहिली.

"गोळ्यांनी इरघळणार होती ना गाठ?"

भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले.

"तसं नाय, आई," विश्वजीत म्हणाला. "पोथी ऐकली की जिवाला बरं वाटतं."

"तुझ्या आज्जीला लई बरं वाटलं होतं," अक्का म्हणाली. "सांजच्यालाच गेली."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी भाऊजींसमोर मान वर केलेली नाही. पदर सावरून दाराआडून उत्तर द्यायचे, तेही दोन शब्दांत. त्या दिवशी पदर खांद्यावर घसरला, तो मी वर घेतला नाही.

"मी नाही वाचणार."

"काय म्हणली?"

"पोथी देवाची आहे, भाऊजी. माणसाला हाकलायची काठी नव्हे ती. आधी तिला खोटं सांगितलंत. आता खरं सांगायचं तर तेही तोंडानं नाही, बोचकं आणून ठेवलंत. तिच्या भाकरीवर तुमचं घर उभं राहिलं. तिच्याजवळ बसून दोन शब्द बोलायला तुमची जीभ का झडली होती?"

"विश्वजीत, तुझ्या काकाला बोलव. बायकोला समजव म्हणावं."

"बोलवा. त्यांनाही हेच सांगते."

"काकू, हळू बोल. शेजारी ऐकायलेत."

"हळूच बोलत आले रे आजवर. कुणी ऐकलं?"

मी पुस्तक पुढ्यात ओढले. "अक्का, आज नेम गेला खड्ड्यात. शेवटापर्यंत वाचते. खुनी कळल्याशिवाय उठणार नाही मी इथून." आणि वाचू लागले, ओरडून म्हणावे इतक्या मोठ्याने.

अक्काने हात लांबवून पानावर पालथा ठेवला.

"तू बी घाई करायली का गं?"

मी थांबले.

"आजच उरकलं तर उद्या काय ऐकू? म्हंजी तू बी पोथीच काढली की."

राग उतरला नव्हता, पण आता तो थोडा माझ्यावरही होता.

"रोज एक. ठरलंय ते ठरलंय," ती म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे बघितले. "तुमी हुभे कामून? बसा. उद्या ऐकायचं आसंल तर मागचं ठावं पाह्यजे. एक हाटेल हाय बघा. खोलीखोलीत पुस्तकं."

भाऊजी जागचे हलले नाहीत. विश्वजीतने स्टूल सरकवले, तेव्हा बसले. मला त्यांचे तोंड बघायचे नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. तिथे अक्काचा आवाज येत होता. कोण पाहुणे, कुणाचे कुणाशी वाकडे, जेवायला काय होते, ते सगळे ती पहिल्यापासून सांगत होती.

"मग ती चष्मेवाली कुठं होती तवा?" भाऊजींनी विचारले. आवाज घोगरा होता.

"सांगते ना."

पण तिला दम लागला. मी नळ बंद केला. स्टूल तिच्या उशाशी सरकल्याचा आवाज आला. भाऊजींनी घाई केली नाही.