गळ्यातला रंग

आईला माझ्याकडे पर्थला न्यायला मी सिग्नेट गावी पोहोचलो, तेव्हा वर्नामावशीने काढायला घेतलेल्या आईच्या चित्रात फक्त ओठ काढायचे राहिले होते.

बाबा गेल्यापासून अकरा वर्षे दोघी बहिणी खाडीकाठच्या त्या घरात एकत्र राहत होत्या. आता आईला उठायला-बसायला कोणाचा तरी हात लागे. तो हात मावशीचा का असू नये, हे मी विचारले नाही. मावशी अर्धाच कप चहा घेते आणि तो दोन्ही हातांनी धरते, एवढे माझ्या लक्षात आले होते. पण थंडीमुळे असेल, असे मी धरून चाललो. शुक्रवारचे विमान होते. त्याआधी चित्र पुरे व्हावे, एवढीच मावशीची इच्छा होती.

रोज सकाळी नऊ वाजता आई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसे आणि मावशी समोर ब्रश घेऊन.

"नोला, जरा गप्प बस. तोंड जागेवर राहील तर काढीन ना!"

"अकरा वर्षं हेच तोंड बघतेयस. अजून पाठ झालं नाही?"

"झालंय की. पण उघडंच पाठ झालंय. तसंच काढू?"

आई खळखळून हसली आणि ओठ पुन्हा हलले. मी चुलीत लाकूड सारत बसलो होतो. ज्या संसाराचे मी दोन तुकडे करायला आलो होतो, त्याची ऊब घ्यायलाही मला लाज वाटत होती.

बुधवारी दुपारी शेजाऱ्यांनी आईसाठी निरोपाचा चहा ठेवला होता. चार लोकांत जायचा मला नेहमीच संकोच. मी घरीच राहिलो. मावशीसाठी काहीतरी करावे, असे फार वाटत होते. कलाशाळेत मला चित्रे कधी धड जमली नाहीत, पण ब्रश धुणे जमत असे. मी तिच्या बरणीतले अकराही ब्रश बाहेर काढले.

दहा लवकर झाले. टर्पेन्टाइनमध्ये खळबळायचे, चिंधीने टिपायचे, मग साबण लावून तळहातावर गोल फिरवायचे, फेस पांढरा येईपर्यंत. अकरावा मात्र बघवत नव्हता. डुकराच्या राठ केसांचा तो ब्रश झिजून नखाएवढा उरला होता, आणि पत्र्याच्या खोळीपासून निम्म्या उंचीपर्यंत जुना रंग दगडासारखा घट्ट बसला होता. ब्रशच्या गळ्यात, म्हणजे केस खोळीत शिरतात तिथे, रंग राहिला की ब्रश मेला, असे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले होते. मी तो तारेला टांगून रंग काढायच्या द्रावणात तीन तास बुडवून ठेवला. सुईने एकेक केस मोकळा केला. निळा सुटला, मग गेरू, मग कोणत्या चित्रातला कोण जाणे, एक हिरवा. संध्याकाळी केस मऊ होऊन पसरले, तेव्हा बऱ्याच महिन्यांनी मला स्वतःविषयी बरे वाटले.

गुरुवारी मावशीने नेमका तोच उचलला. टोक तळहातावर दाबून पाहिले. पुन्हा दाबले.

"हा कोणी धुतला?"

"मी."

"छान धुतलायस, फर्गस." एवढे बोलून ती चित्राकडे वळली.

ब्रश कॅनव्हासला टेकण्याआधीच केस थरथरू लागले. वरच्या ओठाची रेघ निघाली ती नागमोडी, पाण्यावर काढल्यासारखी. मावशीने ती पुसली. दुसरी काढली. तीही पुसली.

"कधीपासून गं?" आईने विचारले.

"सहा वर्षं झाली." मावशी माझ्याकडे वळली. "तो रंग मीच राहू दिला होता, बाळा. गळा दगडासारखा झाला की हाताची थरथर टोकापर्यंत उतरत नाही. खाली रंगापुरते चार केस मोकळे असले की पुरे."

मी केसांना दोरा गुंडाळला. ते दोऱ्याखालून फाकले. कापून आखूड केलेला दुसरा ब्रश दिला. त्याची रेघ काठीने ओढल्यासारखी उमटली. रंग लावून चुलीपाशी वाळवू का, असे विचारले, तेव्हा आईने माझ्याकडे असे पाहिले की मी दुसरीकडे नजर वळवली. तैलरंग असा तासाभरात दगड होत नसतो, हे मलाही ठाऊक होते.

शेवटी मावशी म्हणाली, "मनगट धर माझं."

मी दोन्ही हातांनी धरले. मुठीत चिमणी धरल्यासारखे काहीतरी सारखे धडपडत होते. मी घट्ट धरले, तसे ते माझ्या कोपरापर्यंत आले. थोड्या वेळाने ब्रश कोणाच्या हाताने थरथरतो आहे, हेच कळेना.

"सोड," मावशी म्हणाली. "दुखतंय."

शुक्रवारी सकाळी आई चित्र जसे आहे तसे मागू लागली. "ओठांचं काय एवढं? माझे मला माहीत आहेत."

"ओलं आहे अजून," मावशी म्हणाली. "सुकायला महिना जाईल. विमानात कसं नेणार?"

गाडीत मी आईचा पट्टा लावून दिला. रस्त्याच्या वळणापर्यंत ती मागे वळून हात हलवत राहिली. मावशी फाटकाशी उभी होती. तिचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात होते. ते तिने बाहेर काढले नाहीत.